नवं सरकार देशात रुजवायचं कसं: भारताच्या पहिल्या दहा वर्षांतून काढलेला क्रम

१५ ऑगस्ट १९४७ रोजी दिल्लीत चौदा मंत्र्यांचं सरकार कामाला लागलं, तेव्हा देशाला स्वतःची राज्यघटना नव्हती. प्रौढ मतदानाने निवडलेलं सभागृह नव्हतं. शेवटचं अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जात होतं आणि सेनेचे प्रमुख ब्रिटिश होते. फाळणीची घोषणा ते सत्तांतर यांत मिळालेला वेळ जेमतेम अडीच महिन्यांचा. एवढ्यात कार्यालयं, फौजा आणि तिजोरी दोन देशांत वाटायची होती. पंजाब पेटलेला होता.

दहा वर्षांत यातली प्रत्येक उणीव भरून निघाली. ती कोणत्या क्रमाने भरली, कुठे घाई झाली, कुठे मुद्दाम सबुरी धरली आणि कोणत्या चुका पुढे महाग पडल्या, ते इथे पायरी-पायरीने मांडलं आहे. नागरिकशास्त्र शिकवणाऱ्यांना आणि स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना याचा उपयोग होईलच. जगात कुठे नवं सरकार आलं आणि ते टिकेल का असा प्रश्न पडला, तर त्याची पारख करायलाही हा क्रम हाताशी असावा.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. कायदा संस्थेला जन्म देतो, पण तिचं वळण तिच्या खुर्चीवर बसलेला पहिला माणूस ठरवतो, आणि तेही बहुतेकदा त्या वेळी किरकोळ वाटलेल्या प्रसंगांत.

पहिली पायरी: जुना कारभार एका रात्रीत मोडू नका

क्रांतीच्या उत्साहात सुचणारा पहिला विचार म्हणजे जुनं सगळं फेकून द्यावं. भारताने तो टाळला. १९३५ चा गव्हर्न्मेंट ऑफ इंडिया अ‍ॅक्ट आवश्यक तेवढे फेरफार करून तात्पुरती घटना म्हणून वापरला. पुढे राज्यघटनेतही कलम ३७२ घालून आधीचे कायदे, ते बदलले वा रद्द केले जाईपर्यंत, चालू ठेवले. १८६० ची भारतीय दंडसंहिता त्यामुळेच थेट १ जुलै २०२४ पर्यंत लागू राहिली.

माणसांचा प्रश्न जास्त नाजूक होता. ज्या आयसीएस, म्हणजे इंग्रजांच्या प्रशासकीय सेवेतल्या, अधिकाऱ्यांनी काल नेत्यांना तुरुंगात घातलं, त्यांच्याच हाती जिल्हे ठेवायचे? सरदार पटेलांचं उत्तर ठाम होतं. नव्या प्रशासकीय आणि पोलीस सेवेचा निर्णय त्यांनी ऑक्टोबर १९४६ मध्येच प्रांतांकडून मान्य करून घेतला. २१ एप्रिल १९४७ ला दिल्लीच्या मेटकाफ हाउसमध्ये ते नव्या उमेदवारांपुढे बोलले. ऑक्टोबर १९४९ मध्ये जुन्या अधिकाऱ्यांना दिलेल्या हमीवर घटना समितीत टीका झाली, तेव्हा पटेल या अधिकाऱ्यांच्या बाजूने उभे राहिले. ही माणसं काढली तर देश एकसंध ठेवायला माझ्याकडे दुसरं साधन नाही, असा त्यांचा मुद्दा होता.

निर्णय बरोबर होता, असं माझं मत आहे. निर्वासितांच्या छावण्या, रेशन, रेल्वे, संस्थानांचं विलीनीकरण हे सगळं चालत्या यंत्रणेशिवाय झालंच नसतं. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर मुंबई प्रांतात आलं, १ मेला बडोदा आलं. त्या प्रत्येक ठिकाणी दुसऱ्या दिवशी कचेरी उघडणारा कुणीतरी लागत होता. पण किंमतही मोजावी लागली. कचेरीत आलेल्या माणसाला दारात ताटकळत ठेवण्याची सवय यंत्रणेबरोबर जशीच्या तशी चालत आली. म्हणून नव्या देशाने यंत्रणा ठेवताना तिच्या वागणुकीचे नियमही त्याच वेळी बदलावेत. हे काम पुढे ढकललं की राहूनच जातं.

दुसरी पायरी: घटना लिहिणं आणि राज्य चालवणं यांची टेबलं वेगळी ठेवा

९ डिसेंबर १९४६ ला घटना समिती पहिल्यांदा बसली आणि दोन दिवसांनी राजेंद्रप्रसाद तिचे अध्यक्ष झाले. स्वातंत्र्यानंतर याच सभागृहाला रोजचे कायदे आणि अंदाजपत्रक मंजूर करण्याचंही काम आलं. सदस्य तेच, इमारत तीच. पण राजेंद्रप्रसाद त्या वेळी मंत्रीही होते. मंत्र्यानेच अध्यक्षपदी बसून सरकारला प्रश्न विचारू द्यायचे, हे कुणालाच पटण्यासारखं नव्हतं. म्हणून कायदेमंडळ म्हणून बसताना वेगळा सभापती नेमायचं ठरलं आणि १७ नोव्हेंबर १९४७ ला गणेश वासुदेव मावळंकर निवडून आले. मूळ घराणं रत्नागिरीकडच्या मावळंग्याचं, जन्म बडोद्याचा, वकिली अहमदाबादची. मुंबई विधानसभेचं सभापतिपद त्यांनी १९३७ पासून सांभाळलेलं होतं.

ही व्यवस्था तांत्रिक वाटते. शेजारी पाहिलं की तिचं मोल कळतं. पाकिस्तानने सुरुवात त्याच १९३५ च्या कायद्याने आणि त्याच घडणीच्या अधिकाऱ्यांनी केली. तिथे गव्हर्नर जनरल आणि घटना समितीचे अध्यक्ष ही दोन्ही पदं सुरुवातीला बॅरिस्टर जिना यांच्याकडेच होती. त्यांच्या निधनानंतर घटनेचं काम रेंगाळलं. २४ ऑक्टोबर १९५४ ला गव्हर्नर जनरल गुलाम मोहम्मद यांनी घटना समितीच बरखास्त केली. तिचे अध्यक्ष तमिजुद्दीन खान न्यायालयात गेले, पण फेडरल कोर्टात हरले. पहिली घटना १९५६ मध्ये आली. प्रौढ मतदानाने पहिली सार्वत्रिक निवडणूक व्हायला १९७० उजाडलं.

पहिल्या मंत्रिमंडळाचाही विचार याच पायरीवर करा. काँग्रेसकडे प्रचंड बहुमत असताना डॉ. आंबेडकर, श्यामाप्रसाद मुखर्जी आणि षण्मुखम चेट्टी हे पक्षाबाहेरचे लोक मंत्री झाले. हे सरकार एका पक्षाच्या विजयाचं नसून देशाचं आहे, हे सांगण्याचा याहून सोपा मार्ग नाही.

तिसरी पायरी: घटनेला वेळ द्या, मसुदा उघडा ठेवा

२९ ऑगस्ट १९४७ ला मसुदा समिती नेमली गेली, डॉ. आंबेडकर तिचे अध्यक्ष झाले. फेब्रुवारी १९४८ मध्ये मसुदा तयार झाला आणि तो लोकांपुढे ठेवला गेला. सभागृहात तो ४ नोव्हेंबरला आला. मधल्या आठ-नऊ महिन्यांत सूचना येत राहिल्या. नंतर ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यांतल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. दुरुस्ती फेटाळताना कारण सांगायचं, ही शिस्त बाबासाहेबांनी शेवटपर्यंत पाळली. त्यामुळेच घटना समितीचे वृत्तांत आजही न्यायालयात वाचले जातात.

इथे एक बारकावा हमखास निसटतो. २६ नोव्हेंबर १९४९ ला घटना स्वीकारली आणि २६ जानेवारी १९५० ला ती लागू झाली, हे सगळ्यांना पाठ असतं. पण काही कलमं स्वीकारल्या दिवशीच अमलात आली होती. नागरिकत्वाची कलमं त्यांत होती, आणि निवडणूक आयोगाचं कलम ३२४ सुद्धा. म्हणून आयोग २५ जानेवारी १९५० ला, म्हणजे प्रजासत्ताकाच्या आदल्या दिवशीच, स्थापन होऊ शकला. नागरिक कोण आणि निवडणूक कोण घेणार हे दोन प्रश्न बाकी सगळ्याच्या आधी सोडवा.

चौथी पायरी: मतदार यादी

माझ्या मते हीच सर्वांत अवघड पायरी. इंग्रजांच्या काळात मत होतं ते मालमत्ता, कर किंवा शिक्षण असलेल्या थोड्यांना. आता एकवीस वर्षांवरच्या प्रत्येकाला द्यायचं होतं, आणि त्यांतल्या बहुसंख्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं.

यादीच्या कामासाठी घटनेची वाट पाहिली नाही, हा या पायरीतला पहिला धडा. मार्च १९४८ मध्येच घटना समितीच्या सचिवालयाने प्रांतांना तयारीच्या सूचना पाठवल्या होत्या. सीमेपलीकडून आलेल्या निर्वासिताकडे कायमचा पत्ता नव्हता. इथेच राहण्याचा इरादा त्याने लिहून दिला की त्याचं नाव घ्यायचं, असा तोडगा निघाला. कागद नाही म्हणून माणूस बाद, असा नियम त्या दिवसांत केला असता तर लाखो लोक पहिल्याच दिवशी देशाबाहेर पडले असते.

मार्च १९५० मध्ये सुकुमार सेन पहिले मुख्य निवडणूक आयुक्त झाले. शेवटी यादीत सुमारे १७ कोटी ३२ लाख नावं आली. उत्तरेकडच्या कित्येक भागांत बायकांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही. कुणाची तरी आई किंवा कुणाची तरी बायको, एवढीच नोंद झाली. सेन यांनी अशा सुमारे २८ लाख नोंदी यादीतून काढून टाकल्या. निर्णय कठोर होता, आणि त्या निवडणुकीत त्या बायकांचं मत गेलं. पण मत व्यक्तीचं असतं, घराचं नसतं, हे तत्त्व त्यातून ठरलं. पुढच्या निवडणुकीपर्यंत परिस्थिती बरीच सुधारली.

वाचता न येणाऱ्यासाठी चिन्हं दिली गेली आणि प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र मतपेटी ठेवली गेली. दुबार मतदान रोखायला बोटाला शाई लावली. पोलादी मतपेट्या लाखोंनी लागल्या, आणि त्यांतल्या कितीतरी मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात बनल्या. हिमाचलातल्या चिनी नावाच्या तालुक्यात बर्फ पडण्याआधी, २५ ऑक्टोबर १९५१ ला, पहिलं मतदान झालं. शेवटचं फेब्रुवारी १९५२ मध्ये.

निकालाचा एक प्रसंग महाराष्ट्राने कधी विसरू नये. घटनेचे शिल्पकार उत्तर मुंबईतून उभे होते आणि काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून हरले. बाबासाहेबांनी निकालाविरुद्ध रीतसर निवडणूक याचिका केली. ती फेटाळली गेली. मग ते राज्यसभेतून संसदेत आले. आपण लिहिलेल्या नियमांनी आपल्यालाच हरवलं, तरी दाद मागायची ती त्याच नियमांतून, हा पायंडा त्यांनी घालून दिला. सेन यांना पुढे सुदानने आपली पहिली निवडणूक पार पाडायला बोलावलं.

पाचवी पायरी: सेना नागरी हाताखाली

ब्रिटिश काळात सरसेनापती हा व्हाइसरॉयच्या खालोखाल मानाचा. संरक्षण खातंही त्याच्याकडेच असे. सप्टेंबर १९४६ च्या हंगामी सरकारात हे खातं बलदेवसिंगांकडे आलं. जानेवारी १९४९ मध्ये जनरल करिअप्पा पहिले भारतीय सरसेनापती झाले. दिल्लीत सरसेनापतींचा जो मोठा बंगला होता, त्यात पंतप्रधान राहायला गेले. तोच आजचा तीन मूर्ती भवन. १९५५ मध्ये सरसेनापती हे पदनामच संपलं आणि तिन्ही दलांना आपापला स्टाफ प्रमुख मिळाला. एकाच माणसाच्या हाती तिन्ही दलं नकोत आणि तिघांच्या वर मंत्री हवा, एवढं ठरवायला नऊ वर्षं घेतली. पण घाईगर्दी कुठेच केली नाही.

सहावी पायरी: तिजोरीवर दुसऱ्याची नजर

खर्च करणारा आणि हिशेब तपासणारा एकच नको. नियंत्रक व महालेखापरीक्षक हा बहुधा घटनेतला सर्वांत महत्त्वाचा अधिकारी, असं बाबासाहेबांनी घटना समितीत म्हटलं होतं. त्याचा अहवाल संसदेची लोकलेखा समिती वाचते. ही समिती १९२१ पासून होती, पण तिचा अध्यक्ष खुद्द अर्थखात्याचा प्रमुख असे. १९५० पासून सभापती सदस्यांतून अध्यक्ष नेमू लागले आणि मंत्री बाहेर गेले. विरोधी पक्षाचा अध्यक्ष मात्र १९६७ मध्ये आला, मिनू मसानी यांच्या रूपाने. म्हणजे एक निरोगी प्रथा पुरी व्हायला सतरा वर्षं लागली.

१ जानेवारी १९४९ ला रिझर्व्ह बँकेचं राष्ट्रीयीकरण झालं, तेव्हा गव्हर्नर होते महाडजवळच्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख. पुढे ते अर्थमंत्री झाले.

संस्था कायद्याने करायची की नुसत्या ठरावाने, हे याच पायरीवर नीट ठरवा. वित्त आयोगाला घटनेचा आधार आहे. नियोजन आयोग मात्र मार्च १९५० मध्ये मंत्रिमंडळाच्या ठरावाने जन्मला. त्याच्या अधिकारांवरून अर्थमंत्री जॉन मथाई यांनी राजीनामा दिला. त्यांचा आक्षेप मला रास्त वाटतो. जी संस्था कोट्यवधींच्या वाटपावर प्रभाव टाकते, तिचं उत्तरदायित्व संसदेच्या कायद्यात लिहिलेलं असायला हवं. ठरावाने आलेला आयोग ठरावानेच गेला, २०१५ मध्ये.

सातवी पायरी: न्यायालयाला सरकारविरुद्ध निकाल देऊ द्या

१९३७ चं फेडरल कोर्ट हाताशी होतं, त्याच पायावर सर्वोच्च न्यायालय उभं राहिलं. प्रिव्ही कौन्सिलकडचा मार्ग ऑक्टोबर १९४९ मध्ये बंद झाला. २८ जानेवारी १९५० ला संसद भवनातल्या नरेंद्र मंडळाच्या (संस्थानिकांच्या सभेच्या) दालनात सरन्यायाधीश हरिलाल कानिया यांच्या अध्यक्षतेखाली न्यायालयाचं उद्घाटन झालं. स्वतःची इमारत १९५८ मध्ये मिळाली.

चारच महिन्यांत रोमेश थापर खटल्यात मद्रास सरकारची एका मुंबईच्या साप्ताहिकावरची बंदी न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. सरकारने निकाल पाळला, पण जून १९५१ मध्ये घटनाच दुरुस्त केली. जमीनदारी निर्मूलनाच्या कायद्यांना संरक्षण देणं गरजेचं होतं, हे मान्य. तरीही अभिव्यक्तीवरच्या मर्यादा वाढवण्याचा निर्णय पहिल्या निवडणुकीच्या तोंडावर, लोकांनी थेट न निवडलेल्या हंगामी संसदेने घ्यायला नको होता. काही महिने थांबता आलं असतं. निकाल गैरसोयीचा आला की घटना बदलायची, ही वाट तिथून पडली.

आठवी पायरी: पहिल्या खुर्च्यांवरचं वागणं

१५ मे १९५२ ला पहिल्या लोकसभेने सभापती निवडला. विरोधकांनी शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे यांचं नाव पुढे केलं होतं. मावळंकरांच्या बाजूने ३९४ मतं पडली, विरोधात ५५. दादासाहेब मावळंकरांनी काय केलं ते बारकाईने पाहण्यासारखं आहे. मंत्री सभागृहात आश्वासन देतात आणि विसरतात, म्हणून १९५३ मध्ये आश्वासनांची नोंद ठेवून पाठपुरावा करणारी समिती आली. कायद्याखाली खाती जे नियम करतात ते तपासणारी दुसरी समितीही त्याच सुमारास झाली.

१८ डिसेंबर १९५४ ला त्यांच्याच विरुद्ध हटवण्याचा ठराव आला. खुर्चीवर उपसभापती अनंतशयनम अय्यंगार बसले. नेहरूंनी आपल्या पक्षाच्या सदस्यांना सांगितलं की तुमच्यावर पक्षादेश नाही, मनाला येईल तसं मत द्या. ठराव फेटाळला गेला. सभापतीलाही प्रश्न विचारता येतो आणि तो विचारल्याने सभागृह कोसळत नाही, हे मात्र कायमचं ठरलं.

सदस्यांच्या सचोटीचा प्रश्न त्याआधीच आला होता. एच. जी. मुद्गल या सदस्यांवर बॉम्बे बुलियन असोसिएशनकडून पैसे घेऊन सभागृहात तिची बाजू मांडल्याचा ठपका आला. १९५१ मध्ये चौकशी समिती नेमण्याचा प्रस्ताव नेहरूंनीच मांडला. मुद्गल काँग्रेसचे असूनही झाकपाक झाली नाही. हकालपट्टीच्या ठरावावर मत होण्याआधी मुद्गल यांनी राजीनामा दिला.

मंत्र्यांनीही मतभेद झाला की पद सोडण्याची रीत पाडली. मुखर्जी १९५० मध्ये अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठी पाकिस्तानशी झालेल्या नेहरू-लियाकत करारावरून गेले, बाबासाहेब १९५१ मध्ये हिंदू कोड बिलासह (हिंदूंच्या विवाह-वारशाच्या कायद्यात सुधारणा करणारं विधेयक) अनेक कारणांनी गेले, चिंतामणराव १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावरून. अरियलूरच्या रेल्वे अपघातानंतर लालबहादूर शास्त्रींनीही त्याच वर्षी खुर्ची सोडली.

आणि राष्ट्रपती. सप्टेंबर १९५१ मध्ये हिंदू कोड बिलाबाबत स्वतःच्या विवेकाने निर्णय घेण्याची इच्छा राजेंद्रप्रसादांनी नेहरूंना कळवली. राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाचा सल्ला मानलाच पाहिजे असं घटनेत तेव्हा स्पष्ट लिहिलेलं नव्हतं. ॲटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड आणि अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांचं मत घेतलं गेलं. दोघांनीही सल्ला बंधनकारक असल्याचं सांगितलं. राजेंद्रबाबू थांबले. मतभेद मनात राहिला तरी त्यांनी तो संघर्षापर्यंत नेला नाही, यासाठी देशाने त्यांचं ऋणी राहायला हवं. दोनदा निवडून येऊन १९६२ मध्ये ते पायउतार झाले. त्यांच्यानंतर कुणीही राष्ट्रपती दुसऱ्यांदा निवडून आलेला नाही, असा नियम कुठेही लिहिलेला नसताना.

नववी पायरी: कोणती प्रथा कागदावर आणायची ते वेळीच ओळखा

काही संकेत अलिखितच छान चालतात. पण ज्यात सरकारचा सरळ फायदा-तोटा गुंतलेला आहे, तो संकेत कागदावर आणावा. राष्ट्रपतींचा प्रश्न १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने लिहून मिटवला गेला. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने सल्ला फेरविचारासाठी एकदा परत पाठवण्याची मुभा दिली. लोकसभेतल्या विरोधी पक्षनेत्यालाही १९७७ मध्ये कायद्याने दर्जा मिळाला.

वटहुकुमांचं, म्हणजे सभागृह बसलेलं नसताना सरकार काढतं त्या तात्पुरत्या कायद्यांचं, मात्र तसं झालं नाही. मावळंकरांनी १९५० मध्ये आणि पुन्हा १९५४ मध्ये सरकारला पत्रं लिहून बजावलं होतं की वटहुकूम काढणं मुळातच लोकशाहीला धरून नाही, अगदी अटीतटीची वेळ असेल तरच तो काढावा. सरकारने तत्त्व मान्य केलं आणि वटहुकूम चालू ठेवले. काटेकोर नियम काही झाला नाही. पुढे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले संशोधक डॉ. डी. सी. वाधवा यांनी बिहारचे कागद तपासले. १९६७ ते १९८१ या काळात तिथे २५६ वटहुकूम विधानसभेपुढे न नेता पुन्हा पुन्हा काढून जिवंत ठेवले होते, काही तर चौदा वर्षांपर्यंत. वाधवा सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर १९८६ मध्ये न्यायालयाने ही पद्धत म्हणजे घटनेशी केलेली फसवणूक असल्याचा निकाल दिला. २०१७ मध्ये, पुन्हा बिहारच्याच प्रकरणात, सात न्यायाधीशांच्या पीठाला तेच सांगावं लागलं.